‘भांडण घडून आले’: मारामारीच्या शब्दांना क्रियापद जुळत नसेल तर

नाशिकच्या गल्लीबोळातल्या बातम्यांची कॉपी तपासणं हा माझा रोजचा उद्योग. संध्याकाळ उलटली की पंचवटी, भद्रकाली, अंबड, नाशिकरोडकडच्या नोंदी येऊ लागतात. बहुतेक किरकोळ असतात: गाडी लावण्यावरून, नळाच्या पाण्यावरून, डीजेच्या आवाजावरून. मात्र या किरकोळ बातम्यांत एक दुखणं काही केल्या जात नाही. माणसं मराठी, गल्ली मराठी, शिव्या तर अस्सल मराठी. आणि वाक्य असं की वाचताना दाताखाली खडा यावा. ‘भांडण घडून आले.’ ‘बाचाबाची केली.’ ‘दोन गट चकमकीत गुंतले.’ नाम ठीक असतं, गडबड क्रियापदात असते.

नवशिके बातमीदार, मालिकांची उपशीर्षकं करणारे, सोसायटीच्या तक्रारी लिहिणारे सेक्रेटरी आणि हल्ली भाषांतराची यंत्रं, सगळे इथेच अडखळतात. आधी एक नमुना बघू. तो मी बनवलाय, पण त्यातल्या चुका रोज समोर येणाऱ्या आहेत.

‘रविवार कारंजा परिसरात काल सायंकाळी दुचाकी लावण्याच्या कारणावरून दोन युवकांमध्ये भांडण घडून आले. दोघांनी एकमेकांवर बाचाबाची केली. त्यानंतर त्यांच्यात झडप झाली. यात एका युवकाला हाणामारी करण्यात आली. नागरिकांनी भांडण सोडले. पोलिसांनी हस्तक्षेप करून चकमक मिटवली.’

आता हेच, रविवार कारंज्यावर उभं राहून बघणारा माणूस सांगेल तसं:

‘रविवार कारंज्यावर काल सायंकाळी दुचाकी लावण्यावरून दोन युवकांची जुंपली. आधी बाचाबाची झाली, मग शिवीगाळ, आणि बघता बघता दोघे हातघाईवर आले. एकाने दुसऱ्याला लाथाबुक्क्यांनी मारहाण केली. आजूबाजूच्या दुकानदारांनी भांडण सोडवलं. पोलीस आल्यावर गर्दी पांगली.’

‘घडून आले’ का खटकतं

घडून येतं ते बहुधा हवंसं, कुणीतरी जमवून आणलेलं असतं. भेट घडून येते, समेट घडून येतो, बदल घडून येतो. भांडण घडून आलं म्हटलं की दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून मुहूर्त काढल्यासारखं वाटतं. ‘भांडणाची घटना घडली’ हे व्याकरणात बसतं, पण पाणी घालून वाढवलेलं आहे. घटना घडते, भांडण होतं. ‘होणे’ फारच साधं वाटत असेल तर ‘लागणे’ आहे, ‘जुंपणे’ आहे. ‘चकमकीत गुंतले’ तर थेट इंग्रजीची सावली. मराठी माणूस कामात गुंततो, फार तर एखाद्या लफड्यात गुंततो. मारामारीत तो पडतो, उतरतो किंवा सापडतो.

पहिला प्रश्न: केलं कोणी?

क्रियापद निवडण्याआधी हे ठरवा, निम्मं काम होतं. मराठीत भांडणाच्या नामांचे ढोबळमानाने तीन कळप आहेत. काही गोष्टी एकटा माणूस करू शकतो, काहींना दोन बाजू लागतात, आणि काही आपोआपच होतात, त्यांना कर्ता चालतच नाही.

एकट्याने करायच्या गोष्टींवर ‘घालणे’ आणि ‘काढणे’ यांचा हक्क. वाद घालणे, हुज्जत घालणे, गोंधळ घालणे, धिंगाणा घालणे, शिव्या घालणे. कुरापत काढणे, कळ काढणे, खोडी काढणे, जुनं भांडण उकरून काढणे. यात दोष कोणाचा ते क्रियापदच सांगून टाकतं. ‘वाहतूक पोलिसाशी हुज्जत घातली’ म्हटलं की पोलीस बिचारा नियम सांगत होता आणि समोरचा ऐकत नव्हता, हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणूनच बातमीत ही क्रियापदं जपून वापरावीत. कोण चुकलं ते माहीत नसेल तर ‘वाद घातला’ लिहू नका, ‘वाद झाला’ लिहा. पोलिसांच्या लेखी मराठीतलं ‘मागील भांडणाची कुरापत काढून’ हे ठरलेलं वाक्य आहे. त्याला कंटाळून नवे लोक ‘मागील भांडणाची कुरापत करून’ लिहितात. कुरापत काढतातच, करत नाहीत. एखादा वाक्प्रचार घासला गेला म्हणून त्याचं क्रियापद बदलत नाही.

दोन बाजूंची नामं त्यांच्या घडणीवरूनच ओळखू येतात. मारामारी, हाणामारी, कापाकापी, झोंबाझोंबी, ढकलाढकली, बाचाबाची. मधला ‘आ’ पाहा. त्या ‘आ’तच देवाणघेवाण आहे: याने मारलं, त्याने मारलं. संस्कृतात केशाकेशी, मुष्टामुष्टी असे समास होतात, त्याच जातीचे हे शब्द. या नामांना ‘होणे’ सगळ्यात सुखाचं. ‘मारामारी करणे’ चालतं, कारण तिथे सहसा दोघं किंवा जमाव कर्ता असतो: ‘पोरं मारामारी करतायत.’ ‘बाचाबाची’ मात्र ‘करणे’ला फारशी जवळ येऊ देत नाही, तिला ‘होणे’च द्या. देवाणघेवाण नामातच असल्यामुळे ‘एकमेकांवर बाचाबाची’, ‘परस्परांमध्ये आपापसात मारामारी’ हे सगळं पुनरुक्तीचं ओझं. ‘दोघांत बाचाबाची झाली’ एवढंच पुरतं.

आणि इथेच तो नमुन्यातला सगळ्यात घातक दोष आहे: ‘एका युवकाला हाणामारी करण्यात आली.’ हाण आणि मार, तुकडे तेच दोन. पण ‘हाणामारी’ दोघांची असते, आणि ‘मारहाण’ एकाने दुसऱ्याला केलेली. मारहाण ‘ला’ घेते: त्याला मारहाण केली. हाणामारी ‘त’ घेते: दोघांत हाणामारी झाली. ‘मारहाण’मध्ये तो मधला ‘आ’ नाही, ‘शिवीगाळ’मध्येही नाही. म्हणून ‘शेजाऱ्याला शिवीगाळ केली’ हे एकतर्फी वाक्य सहज चालतं. ‘धक्काबुक्की’ दोन्हीकडे चालते: ‘वाहकाला धक्काबुक्की केली’ एकतर्फी, ‘रांगेत धक्काबुक्की झाली’ सगळ्यांची.

हा फरक नुसता कानाचा नाही. 1930 च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात रामनवमीच्या रथाच्या दिवशी सत्याग्रहींवर दगडफेक झाली. त्याला कुणी ‘दोन गटांत झटापट झाली’ असं लिहिलं तर वाक्य कानाला गोड लागेल आणि दगड कोणावर पडले तेच गायब होईल. ‘दोन गटांत’ हे शब्द हल्ली फार सवयीने पडतात. एका बाजूने मार खाल्ला असेल तर दोन गट कशाला आणायचे?

तिसरा कळप मला स्वतःला सगळ्यात आवडतो: ‘उडणे’ आणि ‘झडणे’. खटका उडतो, चकमक उडते किंवा झडते, खडाजंगी उडते, भडका उडतो, आरोपांच्या फैरी झडतात. इथे माणूस कर्ता होऊच शकत नाही. ‘मी सासूशी खटका उडवला’ असं कुणी म्हणत नाही. ‘माझे आणि सासूबाईंचे खटके उडतात’ असंच म्हणतात, म्हणजे दोष कुणाचाच नाही! जुन्या घरांत चूल पेटवायला गारगोटी आणि पोलादाचा तुकडा असायचा, ती चकमक. ती झाडली की ठिणग्या उडत. म्हणून आजही चकमक झडते, वादाची ठिणगी पडते. खटका म्हणजे चाप, तो सुटतो तेव्हा उडतोच. मूळ वस्तू डोळ्यांपुढे आली की क्रियापद पाठ करावं लागत नाही. ‘जुंपणे’चंही तसंच. बैल गाडीला जुंपतात, आणि मग ते दोघे एकाच जुवाखाली असतात, सुटका नाही.

हिंदीतून आलेली झडप

सीमेवरची बातमी मुळात हिंदीतून आली की हमखास हे होतं. हिंदीत झड़प म्हणजे किरकोळ लढाई. मराठीत झडप घालते ती घार, मांजर किंवा बिबट्या. मखमलाबादच्या मळ्यात बिबट्याने कुत्र्यावर झडप घातली, हे ठीक. दोन देशांच्या सैनिकांत ‘झडप झाली’ हे मराठी नाही. तिथे झटापट होते किंवा चकमक होते.

या दोघींतही फरक आहे. चकमक म्हटलं की गोळ्या सुटल्या असं वाचक धरून चालतो. गडचिरोलीत पोलीस आणि नक्षलवादी यांच्यात उडते ती चकमक. झटापट हाताची, अंगाची. 15 जून 2020 च्या रात्री गलवान खोऱ्यात भारताचे 20 जवान शहीद झाले, पण तिथे बंदुका चालल्या नव्हत्या. दगड आणि खिळे ठोकलेले दंडुके होते. म्हणून ‘हिंसक झटापट’ हा शब्द तिथे जास्त नेमका. पार्किंगवरून भांडणाऱ्या दोघांना ‘चकमक’ द्यायची हौसच असेल तर ‘शाब्दिक’ हे विशेषण लावा. नाहीतर वाचक आधी गोळीबार शोधेल.

हिंदीतून ‘भिडंत’ही येते. गरज नाही, आपल्याकडे ‘भिडणे’ आहे: ‘दोघे भिडले.’ ‘पंगा’ मात्र आपलं क्रियापद बरोबर घेऊनच आला, ‘पंगा घेणे’, आणि बोलण्यात रुळला. त्याला मी हात लावत नाही. उत्तर महाराष्ट्रात ‘झगडा झाला’ हेही घरोघरी बोलतात, त्यालाही परकं म्हणू नये. फक्त ‘झगडणे’ हे क्रियापद केलंत की अर्थ सरकतो: माणूस दुष्काळाशी, दुखण्याशी झगडतो. शेजाऱ्याशी भांडतो.

दुसरा प्रश्न: कितपत पोचलं?

तोंडापासून हातापर्यंत मराठीत चढण आहे आणि ती उलटी चढता येत नाही. कुरबुर, कुरकुर, खटका, वाद, बाचाबाची, हमरीतुमरी, शिवीगाळ, धक्काबुक्की, झटापट, हाणामारी. ‘वादाचे पर्यवसान हाणामारीत झाले’ हे बरोबर. ‘हाणामारीचे पर्यवसान बाचाबाचीत झाले’ लिहिलंत तर वाचक हसेल, प्रत्यक्षात तसं झालेलं असलं तरी. ‘हमरीतुमरीवर येणे’ अजून तोंडाचं आहे. ‘हातघाईवर येणे’ म्हणजे हात उठले. ‘मुद्द्यावरून गुद्द्यावर’ हेही हाताचंच, पण त्यात थोडी चेष्टा आहे. कुणाचं डोकं फुटलं असेल तिथे ते नको.

चढणीची क्रियापदं वेळ मोजतात, इकडे कुणी लक्ष देत नाही. भांडण पेटतं, ते मिनिटांत. वाद विकोपाला जातो, त्याला तास-दोन तास लागू शकतात. वाद चिघळतो, त्याला दिवस लागतात. चिघळते ती जखम, आणि जखम रात्रीत चिघळत नाही. ‘सीबीएसला (नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर) रिक्षाभाड्यावरून झालेला वाद क्षणात चिघळला’ हे वाक्य मी दिसेल तिथे खोडतो. क्षणात पेटला लिहा. उलट लासलगावच्या कांदा लिलावाचा वाद आठवडाभर चालू आहे, लिलाव बंद पाडलेत, बैठकांवर बैठका होताहेत, तर तो खुशाल चिघळू द्या. जाता जाता: शेतकरी लिलाव बंद ‘करत’ नाहीत, बंद ‘पाडतात’. बंद करणं बाजार समितीच्या हातात.

कुरबुरीचं वेगळंच गणित आहे. एकवचनात ‘तो कुरबुर करतो’ म्हणजे तक्रार करतो, एकटाच. अनेकवचनात ‘त्यांच्यात कुरबुरी चालू आहेत’ म्हणजे बेबनाव. खटक्याचंही तसंच: खटका उडाला एकदा, खटके उडतात म्हणजे नेहमीचंच. भांडणं होतात, मारामाऱ्या होतात. ‘बाचाबाच्या’ मात्र होत नाहीत.

चढणीच्या पार वर गेलं की हे सगळे शब्द सोडून द्यायचे. पेशवाईत त्र्यंबकला सिंहस्थ कुंभमेळ्यातल्या स्नानाच्या मानावरून शैव आणि वैष्णव साधूंत जे झालं त्याला हाणामारी म्हणणं म्हणजे थट्टा. तिथे लढाई जुंपली, रक्तपात झाला. त्यानंतरच शैवांनी त्र्यंबकला आणि वैष्णवांनी नाशिकला रामकुंडावर स्नान करायचं अशी विभागणी झाली, ती आजही पाळली जाते. 2027 च्या सिंहस्थात साधूंमध्ये रांगेवरून काही झालं तर मात्र आधी बघा, ती रेटारेटी आहे की खरंच धक्काबुक्की. गर्दीत रेटारेटी होतेच. तिला भांडणाचा हेतू चिकटवू नका. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडींवर, म्हणजे रंगाने भरलेल्या जुन्या हौदांवर, धप्पा (उडी) मारायला जी झुंबड उडते त्यातही कोपर लागतं, पाय पडतो, आणि कुणी कुणाशी भांडत नसतं.

तिसरा प्रश्न: सोडवलं की मिटवलं?

नमुन्यातलं ‘नागरिकांनी भांडण सोडले’ हे टायपातलं अक्षर गळाल्यासारखं दिसतं, पण ते इतक्यांदा येतं की गळती म्हणवत नाही. भांडण सोडवतात. सोडवणं जागेवरचं: मध्ये पडायचं, एकाचा हात धरायचा, दुसऱ्याला मागे ओढायचं. ‘भांडण सोडवायला गेला आणि त्यालाच मार पडला’ ही तर आपल्याकडची कायमची बातमी. मिटवणं नंतरचं, बसून, कारणावर. भांडण सुटलं तरी मिटलेलं नसतं, आणि पुढच्या आठवड्यात ‘मागील भांडणाची कुरापत’ तिथूनच निघते.

तंटाही मिटतो. सरकारने 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केल्यावर हा मागे पडत चाललेला शब्द गावागावांच्या फलकांवर आला, आणि ‘तंटा मिटवणे’ ही जोडीही टिकली. दंगल मिटत नाही, ती शमते किंवा आटोक्यात येते. वाद मिटतो, शमतो, निवळतो. चकमक थांबते. ‘पोलिसांनी चकमक मिटवली’ तेवढ्यासाठी चूक. समझोता करायला तिथे बसलं कोण होतं?

तिऱ्हाइताने उलट काम केलं तर त्यालाही स्वतंत्र क्रियापदं आहेत. भांडण ‘लागणे’ आपोआप, ‘लावणे’ दुसऱ्याने. भांडण लावून देणे, कळ लावणे, काड्या करणे. इंग्रजीतून भाषांतर करताना ‘त्याने भांडण निवडले’ असंही वाचलंय. भाजी निवडतात. भांडण उकरून काढतात किंवा अंगावर ओढवून घेतात.

क्रियापदातला सूर

‘रंगणे’ हे फार मजेचं आणि फार धोक्याचं क्रियापद. महापालिकेच्या राजीव गांधी भवनात महासभेत दोन पक्षांत कलगीतुरा रंगतो, जुगलबंदी रंगते, सामना रंगतो. बघणाऱ्याला मजा आली असा त्याचा अर्थ. सभागृहापुरतं ते शोभतं. ‘सिडकोत दोन कुटुंबांत हाणामारी रंगली’ यात मात्र लिहिणारा कट्ट्यावर शेंगदाणे खात बसलेला दिसतो. त्याच सभेत आवाज चढले, कागद फाडले गेले तर ‘खडाजंगी उडाली’. माइक ओढला, कुणी अंगावर धावून गेलं तर ‘धक्काबुक्की’. तीन वेगळ्या बातम्या आहेत या.

‘राडा’ आता मथळ्यांत पक्का बसलाय. राडा होतो, राडा करतात, घालतात, तिन्ही चालतात. खेड्यात राडा म्हणजे चिखल, बांधकामावर राडारोडा; त्या पसाऱ्याचा वास या शब्दाला अजून आहे. मथळ्यात राहू द्या, तक्रार अर्जात नको. अर्जात ‘शिवीगाळ, दमदाटी व मारहाण केली’ हीच ओळ लिहा, आणि प्रत्येक शब्द खरोखर घडलेल्या गोष्टीचा असू द्या. नुसता दम दिला असेल आणि ‘मारहाण’ लिहिलंत तर पुढे जबाबात तुम्हीच अडचणीत याल. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक जागी दोन किंवा अधिक जणांनी मारामारी करून शांतता भंग करणं हा कलम 194 चा स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे ‘आमच्यात मारामारी झाली’ लिहिणारा स्वतःलाही त्यात ओढतो, ‘मला मारहाण केली’ लिहिणारा नाही. नेमकं काय झालं ते आठवून मगच शब्द घाला.

तरीही जुळत नसेल तर

नामच काढून टाका. माझा सगळ्यात चालणारा उपाय हाच. ‘त्यांच्यात भांडण निर्माण झाले’ ऐवजी ‘त्यांचं बिनसलं’. ‘शाब्दिक वाद उत्पन्न झाला’ ऐवजी ‘तोंडाला तोंड लागलं’. ‘त्यांच्यात मोठे भांडण सुरू झाले’ ऐवजी ‘दोघांत चांगलीच जुंपली’. या ‘जुंपली’ला नाम नाहीच, स्त्रीलिंगी रूप तेवढं उरलंय आणि कुणाला काही कमी वाटत नाही. ‘त्यांचं वाजलं’ तर त्याहून आटोपशीर.

शब्दकोश बघायचा झाला तर नुसता अर्थ देणारा नको. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. त्यात बऱ्याच नामांपुढे इंग्रजी ‘व्ही’ हे अक्षर आणि त्यानंतर ‘कर’, ‘घाल’, ‘लाव’, ‘काढ’ अशी जोडीची क्रियापदं दिलेली असतात. काही जोड्या आता बोलण्यातून गेल्यात, म्हणून डोळे झाकून उचलू नका. पण एखाद्या नामाला ‘करणे’ चालतं की नाही एवढं तिथे पटकन कळतं.

भाषांतर यंत्राचा मसुदा असेल तर नामांच्या मागे लागू नका. आधी ‘केले’, ‘घडले’, ‘निर्माण झाले’, ‘गुंतले’ एवढेच शोधा. बिघाड बहुतेक तिथेच सापडतो. त्यानंतर ‘वर’, ‘ला’, ‘शी’, ‘त’ तपासा: हल्ला कोणावर, मारहाण कोणाला, हुज्जत कोणाशी, हाणामारी कोणाकोणात. एवढं झालं की वाक्य मोठ्याने वाचा, शेजारच्या टेबलावरच्याने मान वर केली नाही तर पुढच्या बातमीकडे वळा.